मदत हवी आहे: माल्टातल्या बेटिंग कंपनीने अडवलेलं कमिशन

नमस्कार मंडळी. मी लंडनजवळ राहते. धाकटा भाऊ आणि मी बेटिंग कंपन्यांची तुलना करणारी वेबसाइट चालवतो, फक्त ब्रिटनमधल्या वाचकांसाठी. माल्टातल्या एका कंपनीने आमचं पाच महिन्यांचं ६,८०० युरो कमिशन अडवलंय.

करार रेव्हेन्यू शेअरचा, म्हणजे आम्ही पाठवलेल्या खेळाडूंकडून कंपनीला जी कमाई होईल, त्यात आमचा वाटा. आमच्या लिंकवरून गेलेला एक खेळाडू मार्चमध्ये मोठी रक्कम जिंकला आणि आमचा त्या महिन्याचा हिशेब उणे झाला. उणे शिल्लक पुढच्या महिन्यात ओढायची नाही, असं करारात स्वच्छ लिहिलंय. तरी ओढली. विचारलं, तर 'संशयास्पद ट्रॅफिक' म्हणून खातंच गोठवलं. पुरावा मागितला, त्याला उत्तर नाही. महिन्याचे रिपोर्ट उतरवून ठेवले होते म्हणून बरं, आता लॉगिनही बंद आहे.

माल्टा गेमिंग अथॉरिटीची (तिथली बेटिंग नियामक संस्था) तक्रार व्यवस्था खेळाडूंसाठी आहे. करारानुसार कायदा आणि कोर्ट दोन्ही माल्टाची. तिथल्या स्मॉल क्लेम्स ट्रायब्यूनलची (छोट्या रकमेच्या दाव्यांचं न्यायाधिकरण) मर्यादा ५,००० युरो. दुसरा मार्ग ज्युडिशियल लेटरचा (कोर्टामार्फत पाठवायची नोटीस): २५,००० युरोपर्यंतच्या निश्चित देण्यासाठी ते पाठवता येतं आणि समोरच्याने ३० दिवसांत विरोध केला नाही, तर त्याआधारे वसुली करता येते.

हे कुणी केलंय का? कंपनीने विरोध केला तर पुढे किती खर्च येतो? की १,८०० युरो सोडून ट्रायब्यूनलमध्येच जावं? भावाने याच कामासाठी नोकरी सोडली आहे, रात्र रात्र झोपत नाही तो. माल्टातला विश्वासू वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा.