माळ आपोआप पेटत नाही
गवताळ माळरानाला लागणाऱ्या आगींबद्दल एकांनी लिहिलंय, 'सोलापूरचं ऊनच असं की माळ आपोआप पेट घेतो.' नाही हो. मे महिन्यात पारा ४४ वर गेला तरी वाळलं गवत पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती काडी कुणीतरी ओढलेली असते.

आमचं शेत सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या बाजूला. फेब्रुवारीत कुसळी गवत वाळून पिवळी पडली की बांध पेटवायला सुरुवात. "जाळलं की गवत फुटवा चांगला धरतं," हे आमचे आजोबाही म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधाची आग वाऱ्याने माळावर गेली. आम्ही चौघं कडुनिंबाचे ओले डहाळे घेऊन झोडपत होतो. विझल्यावर राखेत टिटवीची चार अंडी दिसली, तडकलेली. ज्याने पेटवलं तो म्हणे, वाराच फिरला!

वन्यजीव कायद्याच्या (१९७२) कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. पण काडी कुणाची हे सिद्ध कोण करणार? वनखात्याला झोडपणं सोपं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, वेळेत काढल्या नाहीत तर जरूर झोडपा. गवत तुरे धरून वाळायच्या आत पट्टा मोकळा हवा, मार्चमध्ये काढून काय उपयोग? उपग्रहावरून आगीचा संदेश मोबाईलवर येतो हे खरंय, पण गवताची आग पानगळीच्या जंगलासारखी रेंगाळत नाही. संदेश वाचेपर्यंत एकरभर काळं झालेलं असतं.

आणि हो, 'माळावर झाडं लावा' म्हणणाऱ्यांनो, माळढोक हा उघड्या गवताळ माळावरचा पक्षी, तो झाडीत राहत नाही.