‘उपवासाचं ताट’ लिहावं का?

दुभाषी
इथिओपियावरच्या एका प्रवासवर्णनाचा अनुवाद चालू आहे. अदिस अबाबात प्रवासी मोडक्या अम्हारिकमध्ये ‘सिगा अल्बेलाम’, म्हणजे मांस खात नाही, असं सांगतो. वाढपी खूश होऊन ‘त्सोम!’ म्हणतो आणि परातीएवढ्या इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पोळीवर, मसुराचं तिखट कालवण, पिवळी डाळ, कोबी-बटाटा, पालेभाजी असे ढीग मांडून आणतो. ‘त्सोम’ म्हणजे उपवास. पण मराठीत ‘उपवासाचं ताट’ म्हटलं की डोळ्यांसमोर साबुदाणा नि वरई. त्यात डाळ आणि कांदा-लसूण? शब्द सुचवा.

वरवंटा
‘उपवास’च ठेवा. उप + वस्, जवळ राहणं. त्यात साबुदाणा कुठेच नाही. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, साबुदाण्याचा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. काय चालतं ही रूढी झाली, तो शब्दाचा अर्थ नव्हे.

माजघर
वरवंटा, वाचक व्युत्पत्ती घेऊन जेवायला बसत नाही. त्सोमला मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य, धान्य-डाळी चालतात. आपल्या उपवासाला दूध-लोणी चालतं, धान्य-डाळी नाहीत. म्हणून ‘शाकाहारी’ही चुकेल, कारण त्यात दही-तूप आलंच. आपल्याकडे याला जवळचा शब्द ‘वार’. ‘आज आमचा वार आहे’ म्हटलं की मटण नाही हे कुणाला समजावावं लागत नाही. त्सोमचेही ठरलेले वार आहेत, बुधवार आणि शुक्रवार. ‘वाराचं ताट’ लिहा.

मांडवीकाठ
गोव्यात याला ‘शिवराक’ म्हणतात. एरवी मासे खाणारं घर सोमवारी शिवराक जेवतं, त्यात डाळ-भात असतोच. सोमवार शिवाचा, म्हणून शिवराक.

वरवंटा
शिवाची व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण ‘राक’चं काय करायचं? आणि ‘वार’ अपुरा पडतो. ईस्टरआधीचा मोठा त्सोम सलग ५५ दिवसांचा असतो. ५५ दिवसांना वार म्हणणार?

दुभाषी
त्या ५५ दिवसांनंतरचाच एक प्रसंग पुढे आहे. बुधवार असूनही प्रवाशाला हे ताट मिळत नाही.

माजघर
बरोबर आहे. फासिका, म्हणजे तिथला ईस्टर, झाल्यावर ५० दिवस बुधवार-शुक्रवारचाही त्सोम नसतो. तेव्हा लहान खानावळीत बहुतेक मांसाचेच पदार्थ असतात. अशा वेळी ‘शिरो’ मागायचा. ते डाळींच्या पिठाचं दाट पिठल्यासारखं कालवण. ‘बोझेना शिरो’ मात्र टाळायचा, त्यात मांस असतं. साध्या शिरोतही एरवी मसाल्याचं लोणी पडू शकतं, त्सोमला फक्त तेल.

मांडवीकाठ
इंजेराला मराठीत काय लिहिलंय?

दुभाषी
‘परातीएवढी आंबोळी’.

घावनवाली
आंबोळी तांदूळ-उडदाची, आणि उलटतात. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा. आधीच्या पिठाचं पाणी, ‘एर्शो’, विरजण म्हणून घालून दोन-तीन दिवस आंबवतात. मग थोडं पीठ पाण्यात शिजवून परत मिसळतात, ते ‘अब्सित’. मिताद या मातीच्या मोठ्या तव्यावर कडेपासून मध्याकडे गोल गोल ओततात आणि एकाच अंगाने भाजतात. जाळी पडली की लगेच झाकण. झाकण आधी घातलं तर वाफेचं पाणी ओल्या पिठावर पडतं आणि जाळी बुजते. उलटला तर तीच जाळी दबते, मग कालवणाचा रस मुरत नाही. ताट, चमचा, पोळी, सगळं तोच आहे. ‘सुरनळी’ जास्त जवळची. तीही एकाच अंगाने भाजतात.

वरवंटा
सुरनळी ताकातली, बहुधा गुळाची गोड. इंजेरा आंबट. ‘आंब’ म्हणजे आंबटच, तेव्हा आंबोळीत गैर काय? आणि मातीच्या तव्याचंच बघायचं तर मालवणची खापरोळी आहे.

घावनवाली
खापरोळी नारळाच्या गोड रसात बुडवतात हो!

दुभाषी
मूळ इंग्रजीत जाळीला ‘डोळे’ म्हटलंय. मी डोळेच ठेवले होते.

घावनवाली
अम्हारिकमध्येही ‘आइन’, डोळेच. पण मराठी तव्यावर जाळीच पडते. ते आधी बदला.

माजघर
आणि यजमानीण घास करून पाहुण्याच्या तोंडात घालते ती ‘गुर्शा’? त्याला ‘घास भरवणे’ सोडून दुसरं काही लिहू नका.

वरवंटा
भरवतात ते लहान मुलाला किंवा लग्नात. गुर्शा कुणीही कुणालाही देतो, मित्र मित्राला. ‘घास देणे’.

मांडवीकाठ
घास गायीला देतात.