कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक दिसतं, मग मायटोकॉन्ड्रिया का नाही?

अकरावी_सायन्स_नागपूर: कांद्याच्या पापुद्र्याला सॅफ्रॅनिन लावलं की सगळंच लालभडक होतं. निम्म्या पेशींत केंद्रक सापडत नाही, मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण) आणि हरितलवक (पानाला हिरवा रंग देणारे दाणे) तर कधीच नाही. आयपीस १०एक्स, ऑब्जेक्टिव्ह ४५एक्स. भिंगात दोष आहे का? आणि इथल्या उन्हात स्लाइड लगेच वाळते, त्याला काय करावं?

स्लाइडवाला: भिंग ठीक आहे. पापुद्रा खवल्याच्या आतल्या, खोलगट बाजूचा काढा आणि लगेच वॉचग्लासमधल्या पाण्यात सोडा. हवेत राहिला की गुंडाळतो. १ टक्का सॅफ्रॅनिनचा एकच थेंब, एक मिनिट, मग दोनदा स्वच्छ पाण्यात धुणं. जास्त वेळ ठेवलं की पेशीभित्तिकाही रंग धरते आणि केंद्रक त्यात हरवतं. वर ग्लिसरीनचा थेंब टाकला की वाळण्याची कटकट मिटते. कव्हरस्लिप सुईवर तिरकी टेकवून हळू सोडा. काळ्या जाड कडेचा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा! दरवर्षी कुणीतरी त्यालाच केंद्रक म्हणून जर्नलात काढतं.

मोठी रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी, केंद्रकाला भिंतीकडे ढकलते, म्हणून ते प्रत्येक पेशीत एकाच पातळीवर नसतं. बारीक स्क्रू फिरवत राहा. डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटवा, लख्ख उजेडात काहीच उठून दिसत नाही.

पेशीवेडा: मायटोकॉन्ड्रियाची जाडी साधारण ०.५ ते १ मायक्रॉन, म्हणजे प्रकाश-सूक्ष्मदर्शीला दिसू शकणाऱ्या ०.२ मायक्रॉनच्या किमान मर्यादेपेक्षा जास्तच. अडचण आकाराची नाही, ते पारदर्शक असतात. त्यासाठी जेनस ग्रीन बी हा रंग, ०.०२ टक्के, ताजा, आणि पापुद्रा जिवंतच हवा. मायटोकॉन्ड्रियात हा रंग ऑक्सिडाइज्ड, म्हणून निळसर-हिरवा राहतो. बाकी पेशीद्रवात क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) होऊन फिका पडतो. ४५एक्सवर बारीक हलते ठिपके दिसले तरी पुष्कळ. ग्लिसरीन आणि सॅफ्रॅनिन या स्लाइडला नको.

अकरावी_सायन्स_नागपूर: आणि हरितलवक?

संत्रानगरी: कांद्याचे खवले अन्न साठवणारी पानं, त्यांत हरितलवक नसतातच जी. फिश टँकच्या दुकानातून हायड्रिला आणा, कोवळं पान नुसत्या पाण्यात ठेवा, रंग नको. ५ ते १० मायक्रॉनचे हिरवे दाणे पेशीच्या कडेने फिरताना दिसतात. थिजलेले वाटले तर दिव्याच्या उजेडात काही मिनिटं ठेवा.

वर्णलवकांसाठी, म्हणजे पिवळ्या-नारिंगी रंगाच्या दाण्यांसाठी, तर आपलं संत्रं! पिवळ्या सालीचा ब्लेडने जमेल तितका पातळ काप घ्या, पांढरा भाग नको. आंबिया बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचं) हिरवट फळ मिळालं तर उत्तमच: एकाच सालीत हिरवे आणि नारिंगी दोन्ही दाणे सापडतात, कारण हरितलवकांचंच वर्णलवकात रूपांतर होतं. रात्री थंड झाल्या की हा बदल वेग घेतो, म्हणून आतून गोड झालेलं फळही बाहेरून हिरवट राहू शकतं. फक्त सालीतलं तेल सांडतं. लहानमोठे चकचकीत गोल थेंब दिसले, पेशीच्या बाहेरही तरंगत असले, तर ते लवक नव्हेत. काप पाण्यात हलवून घ्या.