सगळ्यांना एकच ड्रिल? नाही जमत हो
काही जण म्हणतात की इंग्लिशच्या वर्गात कोणीही असो, सगळ्यांना एकच ड्रिल (म्हणजे तोच तो घोकून घ्यायचा सराव) द्या, इंग्लिश आपोआप येतं. नाही हो येत. पुण्यात कोंढव्यातल्या माझ्या संध्याकाळच्या बॅचला येमेनचा एक मुलगा, एक इराणी ताई आणि हडपसरच्या दोन मावशी एकत्र होत्या. अरबीत प नाहीच त्यामुळे तो पार्किंगला बार्किंग म्हणणार, फारसीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर येत नाही म्हणून ताईंचं स्कूल कायम एस्कूल, आणि मावशींना वेस्ट (west) काय नि व्हेस्ट (vest) काय सारखंच, वर a, the कुठे लावायचं ते रामभरोसे (मराठीत ही भानगडच नाही ना). शेवटी त्या मुलाला तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला लावली, इंग्लिशमधला प म्हटल्यावर तोंडातल्या हवेने हलली पाहिजे, ब ला नाही. आठवडाभरात पार्किंग जमलं. मावशींचं व्हेस्ट अजून अडलंय.