मदत हवी आहे: घरी बनवलेली पट्ट्याची सीव्हीटी भार उतरल्यावर परत वेग का धरत नाही?

नमस्कार. गेले सात महिने धायरीतील माझ्या छोट्या शेडमध्ये मी कडबाकुट्टीसाठी सीव्हीटी, म्हणजे गिअरशिवाय वेगाचे प्रमाण सलग बदलत राहणारी पट्टा-पुलीची यंत्रणा, तयार करत आहे. ती चालते, परंतु एका दोषावर मी अडलो आहे आणि पुढचा शाफ्ट बनवण्याआधी जाणकारांचे मत घेणे मला आवश्यक वाटते.

गरज अशी आहे. माझे थोरले बंधू पुरंदर तालुक्यात राहतात. त्यांच्या कडबाकुट्टीला एक अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची सिंगल फेज इंडक्शन मोटर आहे. गावी संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. इंडक्शन मोटरचे फिरवण्याचे बळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे २३० व्होल्टला मिळणाऱ्या बळाच्या जेमतेम ६१ टक्के हाती राहते, आणि वाळलेल्या कडब्याची जाड पेंढी आत गेली की मोटर नुसती घुमत राहते. भार वाढताच यंत्राने आपोआप सावकाश फिरावे आणि पेंढी संपताच पुन्हा वेग धरावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तत्त्व नवे नाही. प्रत्येक पुली दोन शंकूसारख्या तबकड्यांची असते, एक स्थिर आणि एक सरकती (पुढे यांनाच मी स्थिर पुली आणि सरकती पुली म्हणतो). त्या जवळ आल्या की पट्टा बाहेर चढतो, दूर गेल्या की आत उतरतो. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ सालीच रबरी पट्ट्याची अशी यंत्रणा मोटारीत बसवून दाखवली होती, आणि १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा स्कूटर ज्यांनी चालवली त्या पुणेकरांना ती वेगळी सांगायला नको. म्हणून मीही नाना पेठेतून स्कूटरचा पट्टा आणला आणि मोटरकडच्या पुलीत स्कूटरसारखेच रोलर, म्हणजे फिरताना बाहेर फेकले जाऊन सरकती पुली ढकलणारी वजने, बसवले. त्यात दोन महिने गेले. रोलर केंद्रोत्सारी बलावर चालतात आणि ते बल फेऱ्यांच्या वर्गानुसार बदलते. स्कूटरच्या इंजिनाच्या फेऱ्या कित्येक पटींनी वरखाली होतात, पण इंडक्शन मोटर भार कितीही असला तरी १४४० च्या आसपासच फिरते, त्यामुळे रोलरना भार वाढल्याचे कळायला मार्गच नव्हता. नव्याने हे काम करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आताची रचना उलटी आहे. मोटरकडच्या पुलीत रोलरऐवजी स्प्रिंग आहे आणि यंत्राकडच्या पुलीत ४५ अंशांचा कॅम (भाराच्या पिळाने सरकती पुली पट्ट्यावर दाबणारा तिरका उतार) व त्यासोबत हलकी स्प्रिंग. भार वाढला की कॅम यंत्राकडची पुली आवळतो, पट्टा तिथे बाहेर चढतो, त्यामुळे मोटरकडची पुली उघडते आणि वेग उतरतो. पट्ट्याचा प्रभावी व्यास मोटरकडे ५० ते १०० मिमी आणि यंत्राकडे १२० ते ७० मिमी असा बदलतो. शाफ्टमधले अंतर २५० मिमी आहे आणि पुलीचा उतार प्रत्येक बाजूला १४ अंश. त्यामुळे सरकती पुली सुमारे १२.५ मिमी हलते. पट्टा तिरका पळू नये म्हणून दोन्ही शाफ्टवरच्या स्थिर पुल्या समोरासमोरच्या विरुद्ध बाजूंना ठेवल्या आहेत.

दाबाचे गणित मी असे केले आहे. मोटरचे बळ सुमारे ५ न्यूटन-मीटर आणि घर्षणांक ०.३ धरला, तर सर्वांत कमी वेगाच्या स्थितीत पट्टा घसरू नये म्हणून साधारण ३२० न्यूटन दाब लागतो, आणि सर्वांत जास्त वेगाच्या स्थितीत १६० पुरतो. मोटरकडची स्प्रिंग कमी वेगाला सर्वांत जास्त दबलेली असते, म्हणजे गरज आणि पुरवठा तिथे जुळतात. पट्टा खरोखरच घसरत नाही. अर्धा तास चालवल्यावरही तो हाताला कोमटच लागतो.

दोष हा आहे की भार वाढताच वेग व्यवस्थित उतरतो, परंतु भार काढल्यावर तो परत चढत नाही. मोटर बंद करून यंत्राकडच्या सरकत्या पुलीला लाकडी हातोडीने हलके ठोकले आणि पुन्हा सुरू केली, तरच पट्टा आपल्या जागी जातो. पट्टा काढून ती पुली दोन्ही हातांनी समोरासमोर धरून ढकलली तर सहज सरकते. कडेला एकाच ठिकाणी ढकलली तर अडकते. यावरून माझा संशय बुशवर, म्हणजे सरकत्या पुलीच्या मध्यभागी शाफ्टवर सरकणाऱ्या नळीवर, आहे. शाफ्ट २४ मिमीचा आणि गनमेटलचा बुश फक्त ३० मिमी लांब आहे. पट्टा पुलीच्या साधारण अर्ध्याच घेरावर रेलतो आणि त्याच्या दाबाचे केंद्र अक्षापासून सुमारे ३५ मिमी दूर पडते. बुशचा घर्षणांक ०.१५ धरला तर पुली किंचित कलून त्या दाबाच्या जवळजवळ ३५ टक्के बळ बुशमध्येच खर्ची पडते. बुश ६० मिमीचा केला तर हे नुकसान निम्मे होईल.

परंतु त्यासाठी शाफ्ट आणि कॅम दोन्ही नव्याने करावे लागतील. म्हणून प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांना विचारतो: लांबी तीच ठेवून टेफ्लॉनचे अस्तर असलेला बुश घातला तर तो कॅमच्या सततच्या धक्क्यांत टिकेल का? ग्रीस मी मुद्दाम कमी ठेवले आहे, कारण ते उडून पट्ट्यावर गेले तर सगळेच बिघडेल. स्कूटरच्या पुलीत ते आत रोखण्यासाठी सील असते, तसे घरी कोणी बसवले आहे का? दुसरी शंका कॅमच्या कोनाची आहे. ४५ अंशांऐवजी ५० केले तर परत वेग धरणे सोपे होईल असे वाटते, पण मग भाराच्या वेळी आवळणारा दाब कमी पडून पट्टा घसरेल ही भीती आहे. आणि दोन्ही पुल्यांवरच्या दाबांचे परस्पर प्रमाण प्रत्येक स्थितीत किती असावे, हे मला पटेल असे अजून मांडता आलेले नाही. तिथे कोणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

नऱ्ह्यातील वर्कशॉपमध्ये शाफ्ट पुढच्या शनिवारी टर्निंगला द्यायचा आहे. त्यामुळे निदान बुशच्या लांबीबद्दलचे उत्तर त्याआधी मिळाले तर बरे होईल.