अनुभव धागा: तणनाशक तणावर सारखं बसावं म्हणून तुम्ही काय करता?

खरिपात दरवर्षी कानावर येतं, "औषधच डुप्लिकेट निघालं." बरेचदा औषध चांगलं असतं, ते तणापर्यंत पोचलेलं नसतं. रानात एक पट्टा जळालेला आणि शेजारचा हिरवागार दिसला की आधी नोझल, चाल आणि पाणी तपासावं. औषधांच्या नावांवर आपण खूप बोललो. इथे फवारणी कशी करता ते लिहा, पीक आणि जिल्हा सांगून.

लातूर, सोयाबीन
इमॅझेथापर हे तणनाशक एकरी 400 मिली, तण दोन ते चार पानांवर असताना. फ्लॅट फॅन नोझल (पंख्यासारखा चपटा फवारा देणारं), तणापासून साधारण दीड फूट उंच. या नोझलचा फवारा कडेला विरळ पडतो, म्हणून दुसरा पट्टा पहिल्याच्या कडेवर चढवायचाच. सगळ्यात महत्त्वाचं, औषधाआधी साध्या पाण्याचा पंप मारून किती रान भिजतं ते मोजा. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरच्या पंपात जेमतेम 3 गुंठे होतात. पंपाला 30 मिली औषध टाकून गडी भरभर चालला आणि 5 गुंठे उरकले, तर एकरात आठच पंप बसतात. म्हणजे 400 च्या जागी 240 मिली. मग केन्यासारखं तण कसं मरणार?

सांगली, ऊस
लागणीनंतर मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारताना रान ओलं हवं आणि ढेकळं फुटलेली हवीत. ढेकळाच्या आडोशाची माती कोरडी राहते आणि तण तिथूनच वर येतं. आम्ही मागे सरकत फवारतो, फवारलेल्या मातीवर पाय पडू देत नाही.

यवतमाळ, कपाशी
शेजारच्या रानात वाऱ्यात 2,4-डी हे तणनाशक मारलं गेलं आणि आमच्या कपाशीची पानं बोटांसारखी चिरली. वारा सुटला की पंप खाली ठेवा, भाऊ. बारीक थेंब फार लांब जातात. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, नुसता धुऊन भागत नाही.

परभणी, सोयाबीन-तूर
लातूरच्या दादांचा हिशेब बरोबर आहे, पण ते 200 लिटर पाणी आणतं कोण? आमच्याकडे बायका घागरीनं वाहतात. विहीर लांब असली की पंप आपोआप कमी होतात, तणही तिथंच राहतं. आता बैलगाडीवरून ड्रम आदल्या संध्याकाळी बांधावर आणून ठेवतो. फवारणी सुधारायची तर आधी पाण्याची सोय करा, हे मी ठामपणे सांगते.

नाशिक, मका
ताईंशी सहमत. त्यात एक भर घालतो: ओढ्याचं गढूळ पाणी नको. गाळानं नोझल अर्धवट तुंबतं आणि फवारा एका अंगाला पडतो. बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारणाऱ्यांनी तर असं पाणी मुळीच वापरू नये, औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. पाणी फडक्यातून गाळा. नोझल तारेनं टोचू नका, भोक मोठं होतं. जुना टूथब्रश पुरतो.

लातूर, सोयाबीन
ताई, औषध ड्रममध्येच कालवता का?

परभणी, सोयाबीन-तूर
नाही दादा. अर्धा पंप पाणी, मग बादलीत काठीनं ढवळलेलं औषध, मग उरलेलं पाणी. ड्रम उघडाच असतो, बैलं तोंड घालतात.