‘द इनोसंट्स’ टीव्हीवर लागतोय, काळोख नीट दिसायला सेटिंग काय ठेवू?

रातकिडा
शनिवारी रात्री १९६१चा ‘द इनोसंट्स’ हा भुताटकीचा चित्रपट लागतोय. एलईडी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेला. कृष्णधवल चित्रपटात काळा रंग राखाडी दिसतो, माणसं मालिकेतल्यासारखी गुळगुळीत हलतात. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या झूम करून घालवल्या तर चालेल?

कंदील
झूमला हात लावू नका! चित्रपट सिनेमास्कोप, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३५ पट (२.३५:१). १६:९ पडद्यावर उंचीचा साधारण २४ टक्के भाग पट्ट्यांतच जाणार. झूम केलंत तर तेवढीच रुंदी कापली जाते, दोन्ही बाजूंनी १२-१२ टक्के. आणि इथे कडाच महत्त्वाच्या. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी कॅमेऱ्यावरच्या फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या बाजू मुद्दाम अंधाऱ्या केल्यात. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात उभी असलेली भुतासारखी बाई तर भरदिवसा दिसते, पण केवढीशी.

अर्धाउजेड
राखाडी काळ्याचं कारण बहुतेक एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचे आकडे. बॉक्स १६ ते २३५ पाठवतो आणि टीव्ही ते ० ते २५५ समजून दाखवतो. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा ‘ऑटो’ करा. उलटी गफलत झाली तर सावल्यांतलं सगळं काळ्यात बुडतं.

मग पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’. नाहीतर करडा रंग निळसर दिसतो. ब्राइटनेस वाढवत न्या आणि पट्ट्या उजळू लागल्या की दोन पायऱ्या खाली या. हे पट्ट्या असलेल्या कुठल्याही चित्रपटावर आधीच करून ठेवा.

गुळगुळीतपणा मोशन स्मूदिंगचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो. पूर्ण बंद. नॉइज रिडक्शनही बंद, ते फिल्मचे कण पुसताना चेहऱ्याची कातडीही पुसून टाकतं. एनर्जी सेव्हिंग विसरू नका. खोलीत अंधार केला की तेच चित्र आणखी मंद करतं.

चौथाखांब
एक राहिलं. सुरुवातीला पडदा नुसता काळा असतो आणि लहान मुलीचं गाणं ऐकू येतं, स्टुडिओचं बोधचिन्ह नंतर येतं. टीव्ही बिघडला समजून रिमोट शोधू नका. रेकॉर्ड करणार असाल तर पाच मिनिटं आधीपासून लावा. आवाज मोनो आहे, त्यामुळे कृत्रिम सराउंड बंद; कुजबुज पोकळ होते.

रातकिडा
रेंज बॉक्समध्ये ‘लिमिटेड’ होती, टीव्हीत ‘फुल’. दोन्ही ‘लिमिटेड’ केल्या, काळा काळा दिसतोय. पण मेणबत्तीभोवती धुरकट वलय येतंय?

अर्धाउजेड
लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद-तेज करणारी सोय, ‘हाय’वर असेल. दिव्यांचा एकेक भाग मोठा, ज्योत छोटी, म्हणून शेजारचा काळोखही उजळतो. ‘लो’ करा. या चित्रपटात ते जास्तच खटकेल, कारण उजेड वाढावा म्हणून एकेका मेणबत्तीत अनेक वाती घातल्या होत्या. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ६५०० केल्विनचा मंद दिवा ठेवलात तर वलय आणखी कमी जाणवेल. समोरचा दिवा मात्र नको, त्याचं प्रतिबिंब नेमकं अंधाऱ्या खिडकीत दिसेल आणि तुम्ही त्यालाच भूत समजाल.